पंख वाकडे दिसण्याआधी: मधपेटीतील वरोआ आणि विषाणूंचा बंदोबस्त

पेटीच्या तोंडाशी पंख आक्रसलेल्या, उडू न शकणाऱ्या माश्या रांगताना दिसू लागल्या की मधपाळ औषधाची चौकशी सुरू करतो. खरे तर औषधाची वेळ त्याआधी कित्येक आठवडे येऊन गेलेली असते. वरोआ कोळी, ज्याला बहुतेक मधपाळ सरळ माइट म्हणतात, आणि त्याच्यासोबत पसरणारे विषाणू या जोडीपैकी कोळ्यावर उपाय आहेत, विषाणूवर एकही औषध नाही. म्हणून सगळा बंदोबस्त कोळ्यांची संख्या वेळेत मोजणे आणि ती मर्यादेबाहेर जाऊ न देणे यावरच उभा राहतो. पुढील माहिती मुख्यतः मेलिफेरा, म्हणजे बोलीभाषेतील इटालियन माशी पाळणाऱ्यांसाठी आहे. सातेरी, म्हणजे आपली देशी सेराना माशी, हिचे दुखणे निराळे असल्याने तिचा विचार शेवटी स्वतंत्रपणे केला आहे.

कोळी नेमके काय करतो

वरोआची मादी लालसर तपकिरी, चपटी आणि आडवी लंबगोल असते. रुंदी साधारण दीड मिलिमीटर, लांबी एक मिलिमीटरच्या आसपास. चष्म्याशिवायही ती दिसू शकते, पण माशीच्या पोटाखालच्या खवल्यांत ती इतकी घट्ट बसते की केवळ चौकटी उचलून पाहणाऱ्याला पेटी स्वच्छच वाटते. ‘मला तर एकही माइट दिसला नाही’ हे वाक्य ज्या पेट्यांबाबत ऐकू येते, त्यांत मोजणीअंती कोळी भरपूर निघणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

कामकरी माशीच्या अळीचे घर मेणाने झाकले जाण्याच्या सुमारे वीस तास आधी मादी कोळी त्यात शिरते आणि अळीच्या अन्नात बुडून राहते. घर झाकल्यानंतर तिसऱ्या दिवशी ती पहिले अंडे घालते. त्यातून नर निघतो. नंतर साधारण तीस-तीस तासांच्या अंतराने घातलेल्या अंड्यांतून माद्या निघतात आणि त्यांचे मीलन त्या बंद घरातच होते. कामकरी माशीचे घर सुमारे बारा दिवस झाकलेले राहते, तेवढ्या वेळात सरासरी एक ते दीड नवी मादी पक्व होऊन बाहेर पडते. नर माशीचे घर अधिक काळ झाकलेले असते, तेथे ही सरासरी दोनच्या पुढे जाते, आणि कोळ्यालाही ते ठाऊक असल्यासारखा तो नरांची घरे कित्येक पटींनी अधिक पसंत करतो. पेटीत अंडी, अळ्या आणि कोष मुबलक असताना कोळ्यांची संख्या साधारण महिनाभरात दुप्पट होते. हंगामाच्या सुरुवातीला नगण्य वाटणारा आकडा चार-पाच महिन्यांत वसाहत बुडवणारा कसा ठरतो, हे या गणितावरून लक्षात येईल.

कोळी माशीचे रक्त पितो, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले की त्याचे मुख्य खाद्य माशीच्या शरीरातील मेदऊती आहेत. या ऊती माशीसाठी अन्नाचा साठा करतात, रोगप्रतिकारात भाग घेतात आणि शरीरात आलेल्या कीटकनाशकांसारख्या विषांचा निचरा करण्यासही मदत करतात. त्यांचाच घास घेतला गेल्यावर जी माशी घरातून बाहेर येते ती वजनाने हलकी, कमी आयुष्याची आणि फवारणी झालेल्या शेतात अधिक लवकर बळी पडणारी असते.

विषाणू कोठून येतो

वाकड्या पंखांचा विषाणू वरोआने निर्माण केलेला नाही. तो माश्यांत आधीपासून असतो. राणीच्या अंड्यांतून, नराच्या वीर्यातून आणि दाई माश्या अळ्यांना भरवत असलेल्या अन्नातून पुढे जातो. या मार्गांनी गेलेला विषाणू बहुधा लक्षणे न दाखवता राहतो. कोळी मात्र कोषाच्या त्वचेला भोक पाडून तो थेट शरीरात सोडतो, शिवाय एकाच भोकातून आई आणि तिची पिल्ले पुन्हा पुन्हा खातात. परिणामी कोषातच विषाणूची अमाप वाढ होते आणि बाहेर पडणारी माशी चुरगळलेल्या पंखांची, आखूड पोटाची, फिकट रंगाची निघते आणि थोड्याच दिवसांत मरते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा हवाई बेटांवर मिळाला. तेथे २००७ साली वरोआ प्रथम ओआहू बेटावर सापडला आणि पुढे इतर काही बेटांवर पोहोचला, तर काही बेटे कोळीमुक्त राहिली. एकाच प्रदेशात दोन्ही स्थिती शेजारी शेजारी असल्याने संशोधकांना तुलना करता आली. कोळी नसलेल्या भागात वाकड्या पंखांचा विषाणू सुमारे दहा टक्के वसाहतींत आढळला. कोळी स्थिरावलेल्या भागात तो जवळपास सर्वच वसाहतींत पोहोचला आणि त्याच्या अनेक प्रकारांपैकी एकच प्रकार वरचढ ठरला. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

मधपाळाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची बाब अशी की पंख वाकडे झालेल्या माश्या हा आजाराचा दिसणारा लहानसा भाग असतो. त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक माश्या बाहेरून धडधाकट दिसतात, पण त्यांच्या अंगात विषाणू भरलेला असतो. त्या वयाआधीच मकरंदासाठी बाहेर पडू लागतात, परतीची वाट चुकतात आणि लवकर मरतात. दाई माश्या कमी पडल्या की अळ्यांची निगा बिघडते, पेटी हळूहळू रिकामी होते आणि मग मेणकिडा शिरतो. वसाहत मेणकिड्याने खाल्ली, असे सांगितले जाते तेव्हा त्याआधी ती कशाने दुबळी झाली होती हे क्वचितच विचारले जाते.

इतर विषाणूंबद्दल थोडक्यात एवढेच पुरे. तीव्र पक्षाघाताचा विषाणू, काश्मीरमधील सेराना माश्यांत प्रथम सापडलेला काश्मीर विषाणू आणि इस्राएली पक्षाघाताचा विषाणू हे तिघे जवळचे नातलग आहेत. कोळ्याने टोचल्यास ते कोष किंवा माशी इतक्या झपाट्याने मारतात की वाकडे पंख वगैरे खूण मागे राहत नाही. केस झडून काळ्या, चकाकणाऱ्या आणि थरथरणाऱ्या माश्या दिसल्या तर तो बहुधा जुनाट पक्षाघाताचा विषाणू असतो आणि त्याचा वरोआशी संबंध फारसा नसतो. एका दिवसात पेटीसमोर जीभ बाहेर आलेल्या मृत माश्यांचा खच पडला असेल, तर आधी शेजारच्या शेतातील फवारणीची चौकशी करावी.

मोजणी कशी करावी

मोजणीसाठी पिठीसाखरेची पद्धत घरच्या घरी जमते आणि तीत माश्या मरत नाहीत. रुंद तोंडाची बरणी घ्यावी आणि तिच्या झाकणाच्या जागी सुमारे तीन मिलिमीटर छिद्रांची जाळी बसवावी, जिच्यातून कोळी पडेल पण माशी निघणार नाही. शिशुकक्षातील, म्हणजे पिल्ले वाढवल्या जाणाऱ्या कप्प्यातील, उघड्या अळ्या असलेली चौकट निवडावी, कारण कोळी दाई माश्यांवर अधिक असतात. चौकटीवर राणी नाही याची दोनदा खात्री करावी. या कामात घाई करून राणी गमावणे हे कोळ्याहून मोठे नुकसान आहे. चौकट पसरट पातेल्यात झटकून सुमारे १२० मिलिलिटर, म्हणजे साधारण अर्धा कप माश्या मापाने बरणीत घ्याव्यात. एवढ्या मापात मेलिफेराच्या जवळपास ३०० माश्या येतात.

जाळीवरून दोन मोठे चमचे पिठीसाखर आत टाकावी, बरणी आडवी धरून मिनिटभर फिरवावी आणि दोनेक मिनिटे सावलीत स्थिर ठेवावी. माश्या साखरेने माखतात, तापतात, आणि कोळ्यांची पकड सुटते. नंतर बरणी पालथी करून पांढऱ्या थाळीवर जोराने हलवावी, थाळीतील साखरेवर थोडे पाणी शिंपडावे आणि साखर विरघळल्यावर तरंगणारे तपकिरी ठिपके मोजावेत. माश्या पेटीत परत सोडाव्यात. बाकीच्या माश्या त्यांना चाटून स्वच्छ करतात. पावसाळी हवेत पिठीसाखर ओलसर होऊन गुठळ्या धरते आणि मोजणी खोटी कमी येते. म्हणून कोकणात किंवा घाटमाथ्यावर हे काम उघडीप असलेल्या दिवशी, ताज्या डब्यातील कोरड्या साखरेनेच करावे. अधिक अचूक आकडा हवा असेल तर साखरेऐवजी स्पिरिटमध्ये माश्या धुण्याची पद्धत आहे. त्यात तेवढ्या माश्या मरतात, पण भरलेल्या वसाहतीला ३०० माश्यांची उणीव जाणवत नाही. माझ्या मते मोठ्या मधुबनात, म्हणजे पुष्कळ पेट्या एकत्र ठेवलेल्या जागी, निदान काही पेट्यांची मोजणी तरी या पद्धतीने करावी.

आलेल्या आकड्याला तीनने भागले की शेकडा प्रमाण मिळते. ३०० माश्यांत नऊ कोळी म्हणजे तीन टक्के, आणि येथे उपचार टाळू नये. हा आकडा किरकोळ वाटतो, पण पेटीत माश्यांची पिल्ले, म्हणजे अळ्या आणि कोष, भरपूर असताना निम्म्याहून कितीतरी अधिक कोळी झाकलेल्या घरांत दडलेले असतात आणि बरणीत येतच नाहीत. याउलट राणीने अंडी कमी केली की लपायला घरे उरत नसल्याने सगळे कोळी माश्यांवर येतात आणि प्रमाण एकाएकी वाढल्यासारखे दिसते. दोन मोजण्यांची तुलना करताना पिल्लांचे प्रमाणही वहीत लिहिलेले असावे ते यासाठी. मोजणी महिन्यातून एकदा करावी. पेट्या मोहरीसाठी राजस्थानात, डाळिंबासाठी सोलापूर-नाशिककडे किंवा कांदा बियाण्यासाठी बुलढाणा-जालन्याकडे हलवल्या असतील, तर तेथून परतल्यावर लगेच करावी, कारण अनेक मधपाळांच्या पेट्या एका शिवारात आल्या की माश्या भरकटतात, दुबळ्या पेट्या लुटल्या जातात आणि लुटारू माशी मधासोबत कोळीही घरी आणते.

उपचाराची वेळ आणि रीत

कोणताही उपचार मध काढून घेतल्यानंतरच करावा. मधकक्ष, म्हणजे मध साठण्याचा वरचा कप्पा, पेटीवर असताना आत काहीही घालू नये. महाराष्ट्राच्या पठारावर मे महिन्यातील तापमानात फॉर्मिक आम्लाची वाफ एकदम सुटते आणि राणी तसेच अळ्या दगावतात. पाऊस सुरू होऊन दिवसाचे तापमान तिशीच्या आत आल्यावर हे काम करणे शहाणपणाचे असते. याच काळात फुलोरा तुटतो, राणी अंडी कमी करते आणि एक पिढी थांबवली तरी मधाचे नुकसान होत नाही.

फॉर्मिक आम्लाचा मोठा गुण म्हणजे त्याची वाफ मेणाच्या झाकणातून आत जाते आणि बंद घरातील कोळ्यांपर्यंत पोहोचते. आपल्याकडे रूढ असलेल्या रीतीनुसार ८५ टक्के तीव्रतेचे ५ मिलिलिटर आम्ल कापसाची वात असलेल्या छोट्या बाटलीत घालून ती तळपाटावर ठेवतात आणि १५ दिवस रोज संध्याकाळी भरतात. ही मात्रा भरलेल्या, दहा चौकटींच्या वसाहतीसाठी आहे. लहान वसाहतीत ती कमी करावी आणि पेटीचे तोंड पूर्ण उघडे ठेवावे. आम्ल कातडी जाळते आणि त्याची वाफ फुप्फुसांना इजा करते. रबरी हातमोजे, डोळ्यांना बंद चष्मा आणि जवळ पाण्याची बादली असल्याशिवाय बाटली उघडू नये.

ऑक्झॅलिक आम्ल स्वस्त आणि प्रभावी आहे, परंतु ते झाकलेल्या घरात शिरत नाही. म्हणून ते पेटीत झाकलेली पिल्ले नसतानाच उपयोगी पडते, आणि तशी स्थिती आपल्या हवामानात आपोआप क्वचितच येते. ती घडवावी लागते. त्यासाठी राणीला पिंजऱ्यात घालून तो शिशुकक्षाच्या मध्यभागी ठेवावा. कामकरी माश्यांना जाळीतून तिला भरवता आले पाहिजे. कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांत आणि नर २४ दिवसांत बाहेर पडत असल्याने चोविसाव्या दिवशी पेटीत झाकलेले घर उरत नाही. त्या दिवशी राणी मोकळी करावी आणि एक लिटर साखरपाण्यात, ज्यात साखर आणि पाणी समप्रमाणात आहे, ३५ ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल विरघळवून दोन चौकटींमधील माश्यांनी भरलेल्या प्रत्येक फटीत ५ मिलिलिटर याप्रमाणे टिपकावे. एका वसाहतीला एकूण ५० मिलिलिटरपेक्षा अधिक देऊ नये आणि हा हात लगेच दुसऱ्यांदा फिरवू नये, कारण पुन्हा दिलेले आम्ल माश्यांनाच बाधते. आधीच चार चौकटींवर आलेल्या दुबळ्या वसाहतीत राणी कोंडू नये. तिला ही तूट भरून काढता येत नाही.

औषधाविना करता येण्याजोगा उपाय म्हणजे नरांच्या घरांचा सापळा. शिशुकक्षाच्या कडेला अर्धाच मेणपत्रा (पोळे बांधायला पाया देणारा मेणाचा पातळ पत्रा) लावलेली चौकट द्यावी. खालच्या मोकळ्या भागात माश्या नरांची घरे बांधतात आणि कोळी तेथे गोळा होतात. घरे झाकली गेली की तो भाग कापून टाकावा. कोंबड्या तो आवडीने खातात. कापायचे राहून गेले तर मात्र आपणच कोळ्यांची पैदास केली, असे होते. ज्यांच्या पेट्या शंभर कोसांवर असतात त्यांनी या वाटेला जाऊ नये.

फ्लुव्हॅलिनेट या कोळीनाशक औषधाच्या पट्ट्या सोप्या असल्याने लोकप्रिय आहेत, परंतु एकच औषध वर्षानुवर्षे वापरल्याने अनेक देशांत कोळी त्याला दाद देईनासे झाले आहेत आणि औषधाचा अंश मेणात साठतो. पट्टी वापरायची असली तरी दरवर्षी तीच नको आणि ठरलेल्या मुदतीनंतर पेटीत विसरायची नको. उपचार कोणताही असो, मधुबनातील सर्व पेट्यांना एकाच वेळी द्यावा. अर्ध्या पेट्या सोडल्यास उरलेल्या कोळ्यांनी भरायला फार दिवस लागत नाहीत. उपचार संपल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजावे आणि आकडा एक टक्क्याच्या वर राहिला असेल तर औषध बदलावे. कोळी संपले तरी वाकड्या पंखांच्या माश्या लगेच थांबत नाहीत, कारण बाधित दाई माश्या अजून पेटीत असतात. एक-दोन पिढ्या निघून जाईपर्यंत, म्हणजे महिना-दीड महिना, साखरपाणी आणि परागकणांचा पुरवठा चालू ठेवून वाट पाहावी.

दुसरा कोळी: ट्रॉपिलेलॅप्स

भारतातील मेलिफेरा पेट्यांत वरोआसोबत ट्रॉपिलेलॅप्स हा आणखी एक कोळी आढळतो. तो मूळचा आग्या माशीचा. आकाराने वरोआपेक्षा लहान, लांबट आणि पोळ्यावर वेगाने धावणारा असल्याने तो सहज ओळखता येतो. त्याची पैदास वरोआहून जलद होते आणि तोही वाकड्या पंखांचा विषाणू वाहतो. त्याची एक दुखरी बाजू अशी की त्याचे तोंड प्रौढ माशीची कातडी भेदू शकत नाही. पिल्लांविना तो थोडेच दिवस जगतो. म्हणून वर सांगितलेली राणी कोंडण्याची युक्ती त्याच्यावर औषधाशिवायही लागू पडते. आपल्याकडे चौकटींच्या वरच्या पट्ट्यांवर चौकटीमागे सुमारे २०० मिलिग्रॅम गंधकाची भुकटी धुरळण्याची रीतही आहे.

सातेरीची गोष्ट वेगळी

सातेरी आणि वरोआ यांचा सहवास फार जुना आहे. सातेरीच्या कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरील कोळी काढतात, बाधित घरे उघडून साफ करतात, आणि तिच्याकडे कोळ्याची पैदास जवळजवळ नरांच्या घरांपुरतीच मर्यादित राहते. फार बाधलेला नर आपल्या घराचे जाड झाकण फोडू शकत नाही आणि कोळ्यांसह आतच गाडला जातो. सातेरीच्या पेटीत एखादा वरोआ दिसला म्हणून आम्ल घेऊन धावण्याचे कारण नाही.

सातेरीला मारणारा विषाणू कोळ्याची वाट पाहत नाही. थाई सॅकब्रूड १९७६ मध्ये थायलंडमध्ये आढळला, त्यानंतर दोनच वर्षांत ईशान्य भारतात दिसला आणि १९९१-९२ च्या सुमारास त्याने कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतील सेराना वसाहती मोठ्या प्रमाणावर नष्ट केल्या. यात अळी कोष होण्याआधी मरते. ती घरात पाठीवर ताणलेली, डोके वर आलेली असते आणि तिच्या कातडीखाली पाणी साचते. चिमट्याने उचलल्यास ती पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अख्खी बाहेर येते. तिच्यात काडी खुपसून ओढल्यावर चिकट तार निघत असेल तर तो सॅकब्रूड नसून जिवाणूजन्य फाऊलब्रूड आहे, आणि मग उपायही निराळे. शंका असल्यास पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडे विचारणा करावी.

सॅकब्रूडवर प्रतिजैविके चालत नाहीत. ती देणारा सल्ला कोणीही दिला तरी मानू नये. मेलेली अळी ओढून काढणाऱ्या दाई माश्याच विषाणू पुढे नेतात, म्हणून त्यांच्यासमोर काही काळ अळ्याच येऊ न देणे हा खरा उपाय ठरतो: राणी दोन-तीन आठवडे कोंडावी, बाधित चौकटी काढून जाळाव्यात, वसाहत उरलेल्या चौकटींवर दाटीने बसवावी आणि साखरपाणी पेटीच्या आतच, संध्याकाळी द्यावे, म्हणजे लूट सुरू होत नाही. सुकलेल्या खपल्यांतील विषाणू काही आठवड्यांत निष्प्रभ होतो, तेवढा काळ रिकाम्या पेट्या आणि अवजारे उन्हात ठेवावीत. आजारी पेटीतील चौकट निरोगी पेटीला देणे आणि आजारी वसाहतींचे विलीनीकरण ही दोन्ही कामे कटाक्षाने टाळावीत. त्या साथीतून त्याच परिसरात ज्या वसाहती आपोआप वाचल्या असतील, त्यांच्याच अळ्यांपासून नव्या राण्या तयार करून पुढील हंगामात पेट्या वाढवाव्यात. दूरच्या जिल्ह्यातून स्वस्तात मिळणाऱ्या सातेरी वसाहती त्या वर्षी आणू नयेत.